दाराआडचं चाक

दोर तुटला तेव्हा दोरवाला स्वतःच त्याला लटकलेला होता.

त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. गवंड्याच्या विहिरीत गाळ साचला होता आणि आत उतरायला कुणी तयार होईना. तेव्हा हा पुढे झाला. "दोर माझ्या घरचा आहे, मला कसली भीती?" असं म्हणाला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उतरला. अर्ध्यात गेला असेल नसेल, वर दोर धरलेल्या माणसांच्या हातातला भार एकदम हलका झाला आणि ती एकमेकांच्या अंगावर मागे आपटली. खालून धप्प असा एकच आवाज आला.

मातीला सगळं गाव आलं. मातीहून परतताना तेच गाव बोलायला लागलं, कारण गावाला गप्प बसायची सवय नाही.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एक जण चाक फिरवतो. चाकाला आकडा असतो, त्यात सुताचं टोक अडकवतात. दुसरा माणूस कमरेला घायपाताच्या पानांचा वाख, म्हणजे धागे, गुंडाळतो आणि आकड्याकडे तोंड करून उलटा मागे मागे चालत जातो, चालता चालता बोटांतून वाख सोडत जातो. चाकवाल्यानं पीळ द्यायचा, चालणाऱ्यानं जाडी राखायची. अशी सुतं एकत्र वळली की दोर होतो. या घरात चाक नवऱ्याकडे होतं आणि वाख बायकोकडे. म्हणजे दोर तुटला तर एक तर पीळ चुकला, नाही तर कुठेतरी वाख बारीक पडला. पीळ देणारा कबरीत गेला होता. मेलेल्याला नावं ठेवत नाहीत. उरली बायको.

बायकोलाही माहीत नव्हतं, हेच वाईट होतं. इतकी वर्षं ती वाख सोडत आली होती. बोलता बोलता, हसता हसता, कधी डोक्यात दुसरंच काही घोळत असताना. एखाद्या वेळी बोटं सैल पडली असतील का? ती रात्रंदिवस बोटांकडे बघायची आणि बोटं काही सांगायची नाहीत.

तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा सासू उंबऱ्यात उभी राहिली. वाकलेली, उजवा खांदा उतरलेला, डोळे कोरडे.

"इद्दत नवऱ्याच्या घरात होते," म्हातारी म्हणाली. "चार महिने दहा दिवस. त्याच्या आधी ती हलणार नाही."

"मग त्यानंतर येतो, अम्मी."

"ये. तोवर मला कळलेलं असेल."

"काय कळलेलं असेल?"

"दोर कुणाच्या हातानं तुटला ते. ज्याच्या हातानं तुटला त्यानं हे घर सोडायचं. मी अल्लाला साक्ष ठेवून बोलतेय."

भावानं बहिणीकडे बघितलं. बहिणीनं मान खाली घातली. नवऱ्याला मारलेली बाई म्हणून भावजयीच्या दारात जाऊन पडायचं म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. भाऊ चप्पल घालून गेला.

दाईनं येऊन पोट तपासलं. दिवस गेलेले नव्हते. तेव्हा शोकाची मुदत तेवढीच राहिली, बाळंतपणापर्यंत लांबली नाही. बांगड्या उतरल्या, सुरम्याची डबी आणि अत्तराची कुपी पेटीत गेली. रंगीत कपडे गेले, धुवून विटलेले दोन जोड राहिले. कारणाशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, कुणी लग्नाची गोष्ट काढली तर ऐकायची नाही. शेजारीण धीर द्यायला आली आणि रडून घेतलं तिनंच जास्त. जाताना म्हणाली, "म्हातारीला तरी बघा. पोटचा पोर गेला आणि चौथ्या दिवशी उठून ओसरी झाडायला लागली!"

म्हातारीनं ते आतून ऐकलं.

"बायकोला चार महिने दहा दिवस," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना तीन. आईलाही तीनच. माझे झाले." आणि तिनं केरसुणी उचलली.

पण पोट इद्दतीला बसत नाही. उन्हाळ्यात दोराला मागणी असते. गावातलं कुणी या घरचा दोर घेणार नव्हतं, पण लांबच्या व्यापाऱ्याला कुठे काय माहीत होतं? एका सकाळी म्हातारी सुनेला म्हणाली, "कामाला लागायचंय. चाकावर माणूस लावलाय."

"कोण माणूस?"

"परका पुरुष आहे. नाव घेऊन तुला काय करायचंय? तो ओसरीवर बसेल, तू आत. मधलं दार बंद राहील. बोलायचं नाही, विचारायचं नाही, त्यालाही सांगितलंय."

मधल्या दाराला जुन्या कुलपाचं भोक होतं. म्हातारीनं ते सुरीनं कोरून मोठं केलं. त्यातून सुताचं टोक ओसरीवर द्यायचं आणि सुनेनं माजघरातून, स्वयंपाकघरातून, मागच्या परसातून उलटं चालत थेट मागच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत जायचं. भिंत उंच होती, बाहेरून काही दिसत नव्हतं. म्हातारीनं टोपली घेतली. "मी बाजारात जाते," म्हणाली आणि पुढच्या दारानं गेली.

सुनेनं वाख पाण्याच्या हातानं ओलसर केला, कमरेला बांधला, टोकाला फासा केला आणि भोकातून सारला. पलीकडे कुणीतरी तो घेतला. आकड्यात अडकवला. मग सुताला एक हलका हिसका बसला, चल म्हणून. चाक कुरकुरलं.

ती मागे चालू लागली. पहिली काही पावलं नुसती भीतीत गेली. मग बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं.

प्रत्येक चाकवाल्याचा हात वेगळा असतो. कुणी धसमुसळा, कुणी झोपाळू. तिचा नवरा आधी सावकाश फिरवायचा, मग लय धरायचा, आणि सूत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याइतकं लांब झालं की एकदा थांबून तळहात पुसायचा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. चाक थांबलं. तळहात पुसायला लागतो तेवढाच वेळ गेला. चाक पुन्हा सुरू झालं.

तिची पाठ भिंतीला टेकली. झालं, हे सांगायला तिनं सूत दोनदा ओढलं. इथे कुठलाही चाकवाला थांबतो. तिचा नवरा थांबायचा नाही. तो आणखी थोडे फेरे द्यायचा, सूत ताठ होऊन तिच्या बोटांना मुंग्या येईपर्यंत. "पुरे की आता!" ती भिंतीजवळून ओरडायची, आणि तो हसून म्हणायचा, "वरचा पीळ म्हणजे दोराचं आयुष्य." आता दाराआड कुणी हसलं नाही. पण वरचा पीळ आला. सूत ताठ झालं. तिच्या बोटांना मुंग्या आल्या.

तिनं ते सूत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

म्हातारी दुपारी बाजारातून आली. टोपलीत चार कांदे होते. सुनेनं विचारलं, "अम्मी, ओसरीवरचा माणूस गेला?"

"गेला."

"तो... कुठला आहे?"

"विचारायचं नाही असं ठरलं होतं ना?"

सुनेला वाटलं, दीर असेल. भावाभावांचा हात सारखा असू शकतो. दीर जवळच वेगळा राहायचा, पाणक्याचं काम करायचा आणि या घरी सकाळी मागच्या दाराबाहेर घागरी ठेवून, समोर न येता, आवाज देऊन जायचा. हा विचार तिनं पाच-सहा दिवस घट्ट धरून ठेवला, कारण त्यावाचून झोप लागत नव्हती. मग एका सकाळी ती परसात भिंतीजवळ पोहोचली, चाक ओसरीवर चालू होतं, सूत बोटांत फिरत होतं, आणि भिंतीच्या पलीकडून, तिच्या पाठीमागून, दिराचा खोकला आला.

"भाबी, पाणी ठेवलंय हो."

चाक थांबलं नाही.  दिराची पावलं बोळानं लांब गेली.

मग शेजारीण पुन्हा आली तेव्हा तिनं तिला गाठलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या ओसरीवर कोण येतं गं सकाळी? तुला रस्त्यावरून दिसत असेल."

शेजारीण तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघत राहिली. "कोण येतं म्हणजे? ओसरीला तर बांबूच्या तट्ट्या लावल्यात तुम्ही. मी सकाळभर दारात भांडी घासत असते. एक चिटपाखरू येत नाही तुमच्याकडे. चाकाचा आवाज तेवढा येतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल."

त्यानंतर शेजारीण आली नाही. गावानं घरासमोरचा रस्ता टाकला आणि मागच्या बोळातून जायला सुरुवात केली. या घरात मेलेला चाक फिरवतो, अशी बोलवा झाली. गावाला असं काही मिळालं की कामधंद्यात लक्ष लागत नाही.

आणि मग तो आवाज. दर थोड्या दिवसांनी, दोर पुरा वळून झाला की, दुपारच्या सुमाराला ओसरीवर काहीतरी पडायचं. पहिल्यांदा पडलं तेव्हा सून नमाजाच्या चटईवर होती. धप्प. भांड्याचा नाही, लाकडाचा नाही, अंगाचा आवाज. माणूस पडल्याचा. तिनं पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं म्हातारी आत आली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, उतरलेला खांदा आणखी उतरलेला.

"काय पडलं, अम्मी?"

"वाळूचं पोतं."

"ओसरीवर वाळूचं पोतं कशाला?"

"चाकाला टेकू लावलाय," म्हातारी म्हणाली आणि पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दर दोरामागे एकदा ते पोतं पडायचं. दर वेळी म्हातारी तसाच चेहरा घेऊन आत यायची. सून विचारायची बंद झाली.

माणसाला कशाचीही सवय होते. भीती तिच्या अंगातून हळूहळू उतरली आणि तिच्या जागी जे आलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. ती सकाळची वाट बघायला लागली. अत्तर नाही, सुरमा नाही, पण वाख विंचरायच्या आधी ती हात घासून घासून धुवायची. मौलवीसाहेबांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पण सुतातून कुणाचा हात लागला तर त्याचा नियम कुठे लिहिला आहे? चालता चालता ती मनात बोलायची. छपराचा पत्रा उडालाय. अम्मी जेवत नाही. लोक माझं नाव घेतात. खरं सांगा, मीच का?

एकदा तिनं विचारायचंच ठरवलं. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना तिनं जाणूनबुजून वाख आवळून धरला आणि बोटभर सूत बारीक सोडलं. इतकं बारीक की तिलाच लाज वाटली.

चाक तिथल्या तिथे थांबलं.

घरात कसलाच आवाज नव्हता. सूत दोघांच्या मध्ये ताणलेलं होतं आणि त्या टोकाचा माणूस काही करत नव्हता, नुसता धरून होता. तिला तिथून दार दिसत होतं, भोक दिसत होतं. भोकातून उजेडाची एक काडी आत आलेली असायची, ती आज नव्हती. पलीकडून कुणीतरी भोकाला डोळा लावला होता.

 ती पुढे आली, बारीक भागावर वाख चढवला, मळून जागा भरून काढली. भोकात उजेड परत आला. सुताला एक हलका हिसका बसला. चाक सुरू झालं.

त्या दिवसापासून तिची खात्री झाली. परक्या माणसाला काय पडलंय बारीक-जाड बघायचं?

पाऊस येऊन गेला, विहिरी भरल्या, चंद्र दिसले आणि गेले. इद्दत संपायला थोडेच दिवस उरले. तिला वाटायला हवं होतं की सुटले. उलट ती उरलेले दिवस बोटांवर पुन्हा पुन्हा मोजायची. मुदत संपली की मधलं दार उघडणार, आणि दार उघडल्यावर ओसरीवर कुणीच नसलं तर? किंवा असलं तर? आणि म्हातारीचा निकाल राहिलाच होता. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती. सुनेच्या हातचं जेवायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही. हीच खूण, सुनेला वाटायचं. तिला कळलंय आणि सांगायला दिवस पुरे व्हायची वाट बघतेय.

शेवटच्या दोराचं सूत चालू होतं तेव्हाची गोष्ट. ती भिंतीला टेकली, सूत दोनदा ओढलं आणि डोळे मिटून वरच्या पिळाची वाट बघत राहिली. पीळ आला नाही. तिनं पुन्हा ओढलं. चाक बंद होतं. दुसऱ्या सुताला तसंच, तिसऱ्यालाही तसंच. नवरा जाऊन महिने झाले होते, पण तो गेला असं तिला त्या सकाळी भिंतीजवळ वाटलं. ती परसात उन्हात बसून पोटभर रडली.

त्या दुपारी पोतं पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं कान लावला की ओसरीवरून फक्त तुळईची बारीक कुरकुर ऐकू यायची.

इद्दत पुरी झाली त्या दिवशी दुपार उतरल्यावर, असराच्या नमाजानंतर, तिचा भाऊ छकडा घेऊन आला आणि पुढच्या दारी थांबला. सुनेनं आपली पेटी आधीच भरून ठेवली होती. म्हातारी माजघरात आली, मधल्या दाराशी गेली आणि तिनं अडसर काढला.

"ये," ती म्हणाली. "बघ."

दार उघडलं. तट्ट्यांतून तिरपं ऊन आत आलं होतं. उन्हात, तुळईला बांधलेल्या दोराला, तिचा नवरा लटकत होता. पाठमोरा. निळा सदरा तोच, कोपरावर तिनंच ठिगळ लावलेला. तो सावकाश फिरत होता, तिच्याकडे वळत होता.

ती किंचाळली. भाऊ तट्ट्या बाजूला सारून आत धावला.

सदऱ्याला डोकं नव्हतं. आत वाळूचं पोतं होतं.

"त्याच्या वजनाचं भरलंय," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "सदरा घातला, पोतं आपटून फाटायचं म्हणून. दुसरं कशाला नाही."

भिंतीवर खुंट्यांना तुटलेले दोर टांगले होते, व्यापाऱ्याकडे एकही गेला नव्हता. म्हातारी एकेक उचलून सुनेच्या हातात देऊ लागली. "हा बघ. हा बघ. फाशाच्या बाजूला. प्रत्येक वेळी फाशाच्याच बाजूला, चाकाजवळ. तुझ्याकडचं टोक एकदाही तुटलं नाही."

"चाकावर कोण होतं, अम्मी?"

"मी होते. टोपली घेऊन पुढून जायचे आणि वळसा घालून, रस्त्यावरून दिसत नाही त्या बाजूच्या तट्ट्यांच्या फटीतून आत यायचे. त्याला चाक मीच शिकवलं होतं, लहान होता तेव्हा. माझा हात तोच त्याचा हात. तसंच करून बघायचं होतं. तोच वाख, तूच, तोच पीळ."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू जपून काम केलं असतंस. मला तू त्याच्याबरोबर करायचीस तसं हवं होतं." म्हातारीनं सुनेच्या हातातले दोर काढून घेतले. "आणि तू तसंच केलंस. एक दिवस मुद्दाम बारीक सोडलंस, ते मला कळलं. मी भोकातून तुझं तोंड बघितलं. त्या दिवशीच मला समजायला हवं होतं. बोटभर बारीक सोडून जिचा चेहरा असा होतो, तिच्या हातून चुकून तसं जाणार नाही. पण माझं मन ऐकेना. मला तूच हवी होतीस दोषी. खोटं कशाला बोलू? मी रोज दुवा मागायचे की आज सुनेकडचं टोक तुटू दे."

लटकणारं पोतं पुन्हा पाठमोरं झालं.

"मग शेवटचा दोर वरच्या पिळाशिवाय केला," ती म्हणाली. "तोच हा. चार दिवस झाले, तसाच लटकलाय. वरचा पीळ म्हणजे दोराचं आयुष्य, हे त्याला कुणी शिकवलं? तुला चार महिने दहा दिवस मिळाले, पोरी. मला तीन. माझे उरलेले मी इथे काढले, त्याला विहिरीत पाडून पाडून."

ती वाकली आणि चाकामागून एक गाठोडं काढलं. दोन लुगडी, तसबीची माळ, पाण्याचा तांब्या. गाठोडं तिनं भावाच्या हातात दिलं.

"हे छकड्यात ठेव. पलीकडच्या गावात माझी बहीण आहे, तिथे सोड मला. ज्याच्या हातानं तुटला त्यानं घर सोडायचं, असं मीच बोलले होते. साक्ष ठेवून बोललेय."

भाऊ गोंधळून गाठोडं घेऊन बाहेर गेला.  सुनेला राग आला होता, इतका की कानशिलं गरम झाली होती. इतके महिने ती कुणाशी बोलत होती? कुणासाठी हात धुवत होती? तिनं म्हातारीकडे बघितलं. उतरलेला खांदा आता जवळजवळ कोपरापर्यंत आल्यासारखा दिसत होता आणि उजव्या तळव्याची कातडी चाकाच्या दांड्यानं सोलली होती. नवऱ्याच्या तळव्याला नेमका तिथेच घट्टा होता.

ती कोपऱ्यात गेली, वाखाची जुडी उचलली आणि म्हातारीच्या कमरेला गुंडाळायला लागली.

"काय करतेस?"

"आत जा. तुम्ही चाला, मी फिरवते."

"मला नाही येत चालायला. मी कधी..."

"जा म्हटलं ना, अम्मी!"

एवढ्या मोठ्या आवाजात ती सासूशी कधी बोलली नव्हती. म्हातारी गेली. सून चाकाशी बसली, टोक आकड्यात अडकवलं आणि दांड्याला हात घातला. दार या वेळी उघडं होतं. म्हातारी वेडंवाकडं सूत सोडत मागे मागे जात होती, माजघरातून, स्वयंपाकघरातून, लहान लहान होत परसातल्या उजेडात. भिंतीला टेकली. सूत दोनदा ओढलं.

सुनेनं चाक थांबवलं. वरचा पीळ दिला नाही.

म्हातारीनं वाट बघितली. मग पुन्हा ओढलं. नुसत्या बोटांनी, मागितल्यासारखं. दांड्यावर सुनेचा हात आपणहून पुढे जाऊ बघत होता, तिनं तो उचलून मांडीवर ठेवला. सूत तिसऱ्यांदा हललं, सैल पडलं, आणि परसातून म्हातारीचा हंबरडा आला. पोर गेल्यापासूनचा पहिला.

सुनेनं तिला रडू दिलं. ती उठून पुढच्या दारात गेली, रस्त्यावरच्या उन्हात उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "ते गाठोडं खाली उतरव."